चित्राचा किती टक्के भाग तुमच्या स्वतःच्या गेम-आर्टने व्यापला आहे? मोजणीची पद्धत, नवोदितांसाठी

गेमसाठी चित्रे काढून देणाऱ्या नवोदित कलाकाराला आज ना उद्या एक प्रश्न विचारला जातो: "या चित्रात तुम्ही स्वतः काढलेला भाग किती टक्के आहे?" कधी करारातच "किमान अमुक टक्के काम मूळ असावे" अशी अट असते, कधी दर ठरवताना हा मुद्दा निघतो, तर कधी विकत घेतलेल्या तयार ॲसेटच्या (इतरांनी बनवलेली चित्रे, पोत वगैरे) परवान्यामुळे ग्राहकाला तो आकडा हवा असतो. कोल्हापुरात कला महाविद्यालयांतून बाहेर पडून घरबसल्या असे काम घेणारी मुले-मुली आता बरीच आहेत. त्यांचा ग्राहक पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात बसलेला असतो, त्यामुळे समोरासमोर बसून बोट ठेवून दाखवण्याची सोय नसते. जे काही सांगायचे ते आकड्यात आणि लेखी सांगावे लागते.

अडचण अशी की, एकाच चित्राचे उत्तर छत्तीस टक्केही येते आणि सत्तावन्न टक्केही, आणि मोजणी दोन्ही वेळा बिनचूक असते. फरक पडतो तो काय मोजले आणि कशाच्या तुलनेत मोजले, यामुळे. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरची बटणे तिसऱ्या पायरीनंतर येतात, त्याआधी नाही.

उदाहरण म्हणून एक चित्र गृहीत धरू. कुस्तीवरच्या एका गेमचे, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात वर दिसणारे आडवे शीर्षचित्र. मध्ये एकमेकांना भिडलेले दोन मल्ल, पायाखाली तांबडी माती, मागे खासबाग मैदानाची आठवण करून देणारा गोलाकार प्रेक्षकवर्ग, पायांपाशी उडणारी धूळ आणि वरून खाली लोंबणारी पताकांची माळ. यातले मल्ल आणि धूळ तुम्ही काढलेली आहे. माती, प्रेक्षक आणि पताका विकत घेतलेल्या तयार संचातील आहेत. पुढचे सर्व आकडे पद्धत समजावी म्हणून सोयीचे घेतले आहेत.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- लेअर (एकावर एक रचलेले चित्राचे थर) शाबूत असलेली मूळ फाइल (क्रिटा, फोटोशॉप किंवा गिम्पची). सपाट केलेल्या चित्रावरूनही मोजता येते, पण त्यात कष्ट जास्त आणि खात्री कमी.
- ग्राहकाकडे गेलेले अंतिम चित्र, शक्यतो पीएनजी स्वरूपात.
- विकत घेतलेल्या किंवा मोफत मिळालेल्या ॲसेटची यादी, परवाना आणि असल्यास बिल.
- करारातील किंवा ई-मेलमधील ते नेमके वाक्य, ज्यात टक्केवारीची अट आहे.
- गिम्प. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मोजणीसाठी पुरेसे आहे. चित्र क्रिटात काढले असेल तर ते पीएसडी (फोटोशॉपच्या फाइलचे स्वरूप) म्हणून जतन करून गिम्पमध्ये उघडता येते.

पायरी १ : "स्वतःचे" म्हणजे काय, हे लेखी ठरवून घ्या

सर्वाधिक वाद याच पायरीवर होतात आणि सर्वात कमी वेळही याच पायरीला दिला जातो. पूर्ण हाताने काढलेले मल्ल तुमचे, यात शंका नाही. पण विकत घेतलेल्या मातीच्या पोतावर तुम्ही रंग बदलून वर चार पायांचे ठसे उमटवले, तर ती माती कोणाची? मल्लांची मातीवर पडलेली सावली तुम्ही काढली असली तरी तिच्याखालून दिसणारा पोत दुसऱ्याचा आहे. गेमचे नाव तयार फाँटमध्ये लिहून त्याला तुम्ही कडा आणि चमक दिली असेल, तर ते अक्षरलेखन म्हणायचे की मांडणी?

यांची सर्वमान्य उत्तरे नाहीत. तुम्ही आणि ग्राहकाने मिळून ठरवायची असतात. माझे मत असे की तीन गट करावेत: पूर्णपणे स्वतःचे, तयार वस्तूत बदल करून घेतलेले, आणि जसेच्या तसे वापरलेले. पहिल्या दोन गटांची टक्केवारी वेगवेगळी सांगावी, कधीही एकत्र करू नये. ग्राहकाला बेरीज करायची असेल तर ती त्याने करावी. एखादा भाग एआय साधनाने बनवला असेल तर त्याचा चौथा गट करा आणि तो झाकून ठेवू नका. स्टीमवर गेम ठेवणाऱ्याला जानेवारी २०२४ पासून एआयने बनवलेल्या सामग्रीची माहिती अर्जात द्यावी लागते, त्यामुळे तुम्ही ती लपवलीत तर खोटी माहिती देणारा म्हणून ग्राहक अडकतो.

क्षेत्रफळावर दर घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. साइनबोर्ड रंगवणारा पेंटर चौरस फुटाचा दर सांगतो, पण बोर्डाची चौकट धरायची की नुसता रंगवलेला भाग, हे तो ब्रश हातात घेण्याआधीच दुकानदाराकडून वदवून घेतो.

पायरी २ : छेद ठरवा, म्हणजे कोणत्या चित्राच्या तुलनेत मोजायचे

टक्केवारीचा अंश सगळ्यांच्या लक्षात राहतो, छेद विसरला जातो. तुम्ही मोठ्या कॅनव्हासवर काम करता आणि त्यातून निरनिराळ्या आकारांची चित्रे कापून देता. स्टीमचेच घ्या. दुकानातले शीर्षचित्र ९२० × ४३० पिक्सेलचे, लायब्ररीतील (खेळाडूने घेतलेल्या गेमच्या यादीतील) उभे चित्र ६०० × ९०० चे आणि लायब्ररीच्या पानावर वर पसरणारे रुंद चित्र ३८४० × १२४० चे लागते. तेच दोन मल्ल उभ्या चित्रात जवळजवळ सगळी जागा भरून टाकतात आणि रुंद चित्रात मध्यभागी लहानसे दिसतात. तिन्ही चित्रांना मिळून एकच टक्केवारी सांगणे म्हणून निरर्थक आहे. प्रत्येक चित्राची वेगळी मोजणी करा.

रुंद चित्राबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खिडकीच्या आकारानुसार त्याच्या कडा कापल्या जातात, म्हणून स्टीम मध्यभागाचा ८६० × ३८० पिक्सेलचा भाग सुरक्षित मानते आणि महत्त्वाचे सारे त्यातच ठेवायला सांगते. हा भाग पूर्ण चित्राच्या सात टक्क्यांहूनही कमी भरतो. ग्राहक "दिसणाऱ्या भागातले किती" असे विचारत असेल, तर तो पूर्ण चित्राबद्दल बोलतो आहे की या चौकटीबद्दल, हे विचारून घ्या.

आपल्या उदाहरणात छेद ९२० × ४३० म्हणजे ३,९५,६०० पिक्सेल आहे.

पायरी ३ : "व्यापणे" कसे धरायचे ते ठरवा

इथे चार वेगवेगळे अर्थ निघतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

पहिला अर्थ चौकटीचा. मल्लांभोवती आयत आखला तर तो ५६० × ४०० म्हणजे २,२४,००० पिक्सेलचा होतो, आणि उत्तर ५७ टक्के येते. पण त्या आयतात दोघांच्या पायांमधली माती आणि खांद्यांवरून दिसणारे प्रेक्षकही आले, जे तुमचे नाहीत. हा आकडा मोठा दिसतो म्हणून मोहात पाडतो. तो सांगू नये.

दुसरा अर्थ लेअरचा. मल्लांच्या लेअरवर प्रत्यक्ष रंगवलेले पिक्सेल १,५०,३२८ आहेत, म्हणजे ३८ टक्के.

तिसरा अर्थ दृश्य भागाचा. पताकांची माळ मल्लांच्या पुढे आहे आणि ती एका मल्लाचा खांदा व दुसऱ्याचा फेटा झाकते. झाकलेले ७,९१२ पिक्सेल वजा केले की १,४२,४१६ उरतात, म्हणजे ३६ टक्के. पाहणाऱ्याला जे दिसते ते हेच, आणि कराराच्या कामासाठी हाच अर्थ धरावा असे मला वाटते.

चौथा अर्थ अर्धपारदर्शक भागाचा, आणि तो नीट समजून घ्यावा लागतो. मल्लांच्या पायांपाशी उडालेली धूळ तुम्ही मऊ ब्रशने काढली आहे. ती ४७,४७२ पिक्सेलवर, म्हणजे १२ टक्के जागेवर पसरली आहे, पण विरळ आहे. प्रत्येक पिक्सेलची अपारदर्शकता ० ते २५५ या पट्टीवर मोजली जाते. धुळीची सरासरी ८५ म्हणजे एक-तृतीयांश आहे, असे समजा. "तुमचा रंग जिथे किंचितही पोचला ती सगळी जागा" मोजली तर मल्ल आणि धूळ मिळून ४८ टक्के होतात. जितका रंग तितके वजन दिले तर धुळीचे १२ टक्के चारवर येतात आणि एकूण ४० टक्के होतात. आणि "निम्म्याहून अधिक अपारदर्शक असेल तरच मोजायचे" असा नियम लावला तर धूळ बहुतेक गळून जाते आणि उत्तर पुन्हा ३६ च्या आसपास येते.

मी वजनाचा आकडा मुख्य धरतो आणि निम्म्याचा आकडा शेजारी देतो. धूळ, धूर, प्रकाशाचे झोत यांनी भरलेल्या चित्रात हे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर जातात, आणि ते किती दूर आहेत हे पाहून चित्राचा प्रकारही ग्राहकाच्या ध्यानात येतो.

पायरी ४ : मोजण्यासाठी काळे-पांढरे चित्र तयार करा

कल्पना सोपी आहे. तुमचे सर्व लेअर पांढरेशुभ्र करायचे, बाकीचे सर्व काळेकुट्ट करायचे, आणि लेअरचा वरखाली क्रम मुळीच बदलायचा नाही. क्रम तसाच राहिल्यामुळे काळी पताका पांढऱ्या मल्लाला जिथे झाकते ती जागा आपोआप वजा होते. वेगळी वजाबाकी करावी लागत नाही.

मूळ फाइलला हात लावू नका. "इमेज" मेनूतील "डुप्लिकेट" वापरून प्रत काढा आणि पुढचे सगळे त्या प्रतीवर करा. प्रत अंतिम आकारात आणून घ्या, म्हणजे उदाहरणात ९२० × ४३०. सर्वांत खाली एक नवा लेअर घेऊन तो काळा भरा. आता एकेक लेअर निवडून त्याचे "लॉक अल्फा" (पारदर्शकता कुलूपबंद करणे) सुरू करा आणि "एडिट" मेनूतून पुढच्या (फोरग्राउंड) रंगाने भरा. अल्फा कुलूपबंद असल्यामुळे रंग फक्त आधी रंगवलेल्या जागी जातो आणि धुळीची विरळताही जशीच्या तशी राहते. तुमच्या लेअरसाठी पुढचा रंग पांढरा, इतरांसाठी काळा.

या पायरीवरचे सापळे बरेच आहेत:

- लेअरला मास्क (त्याचा काही भाग झाकणारे आच्छादन) असेल तर भरण्याआधी मास्क नव्हे, लेअरचे चित्र निवडलेले आहे याची खात्री करा. अन्यथा रंग मास्कमध्ये जातो आणि झाकलेले सगळे उघडे पडते.
- "मल्टिप्लाय", "स्क्रीन", "ओव्हरले" अशा मिश्रणात ठेवलेले लेअर काळ्या-पांढऱ्याच्या हिशेबात खोटे उत्तर देतात. काळ्यावर मल्टिप्लाय केलेले पांढरे दिसतच नाही. असे सर्व लेअर "नॉर्मल" करा. सावलीचा लेअर असेल तर पायरी १ मध्ये ठरल्याप्रमाणे तो ठेवा किंवा बंद करा.
- रंगसुधारणेचे, संपूर्ण चित्रावर पसरलेले लेअर बंद करा. संध्याकाळचा केशरी रंग तुम्ही चढवला म्हणून आख्खे मैदान तुमचे होत नाही.
- बंद ठेवलेले, विसरलेले जुने आराखडे मोजणीत येऊ देऊ नका.

पायरी ५ : मापपट्टी आधी तपासा

ही पायरी सहसा कोणी सांगत नाही, पण वजनाचा आकडा हवा असेल तर ती अटळ आहे. गिम्पच्या २.१० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत नेहमीचा "नॉर्मल" मोड रंगांचे मिश्रण प्रकाशाच्या रेषीय प्रमाणात करतो. डोळ्याला ते चांगले दिसते, पण आपल्या हिशेबाला ते घातक आहे. एका नव्या फाइलमध्ये काळ्या लेअरवर पूर्ण पांढरा लेअर ठेवा, त्याची अपारदर्शकता ५० करा आणि सपाट करा. सरासरी १२७ किंवा १२८ यायला हवी. ती १८८ च्या आसपास आली तर समजा की निम्म्या पांढऱ्याचे तुमच्या खात्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश धरले जात आहे. आपली धूळ मग चार टक्क्यांऐवजी कितीतरी फुगून येईल.

उपाय असा की लेअर-मोडच्या यादीशेजारी असलेल्या छोट्या बटणाने "लेगसी" गट निवडावा आणि अर्धपारदर्शक असलेल्या प्रत्येक लेअरला त्या गटातला "नॉर्मल" द्यावा. पुन्हा चाचणी करा. १२७-१२८ दिसले की पुढे जा.

पायरी ६ : सपाट करा आणि हिस्टोग्राम (पिक्सेलच्या उजळपणाचा आलेख) वाचा

"इमेज" मेनूतून "फ्लॅटन इमेज" करा. यामुळे कॅनव्हासबाहेर लोंबणारे भागही कापले जातात. सपाट न करता एका लेअरचा हिस्टोग्राम पाहिला तर तो फक्त त्या निवडलेल्या लेअरचाच असतो, आणि तो लेअर कॅनव्हासपेक्षा लहान किंवा मोठा असेल तर छेदच बदलतो. एखादा भाग निवडलेला राहिला असेल तर तीही निवड काढून टाका, कारण हिस्टोग्राम निवडीपुरताच हिशेब देतो.

आता "विंडोज" मेनूतील "डॉकेबल डायलॉग्ज" मधून "हिस्टोग्राम" उघडा आणि "व्हॅल्यू" निवडा. प्रथम "पिक्सेल्स" पाहा. तिथे ३,९५,६०० हाच आकडा हवा. तो वेगळा असेल तर पुढचे काही वाचू नका, मागे जाऊन चूक शोधा.

एकाच आलेखातून तिन्ही उत्तरे मिळतात. सरासरीला २५५ ने भागले की वजनाची टक्केवारी येते. उदाहरणात सरासरी १०२ येईल, म्हणजे बरोबर ४० टक्के. आलेखाखालची मर्यादा १२८ ते २५५ ठेवली की "पर्सेंटाइल" या ओळीत निम्म्याहून अधिक अपारदर्शक भागाची टक्केवारी दिसते. मर्यादा १ ते २५५ केली की किंचितही रंग असलेली सगळी जागा दिसते. सरासरी ०.४ अशी दशांशात दिसत असेल तर फाइल ८-बिटपेक्षा जास्त अचूकतेची आहे, अशा वेळी थेट शंभराने गुणा.

फोटोशॉप वापरणाऱ्यांनी हिस्टोग्राम पॅनलच्या विस्तारित रूपात तीच सरासरी वाचावी. मात्र कोपऱ्यात इशाऱ्याचा त्रिकोण दिसला तर त्यावर क्लिक करून आकडे ताजे करून घ्यावेत. नाहीतर वेग यावा म्हणून घटवलेल्या प्रतीवरून काढलेला हिशेब समोर असतो.

पायरी ७ : लेअर नसतील तर

जुन्या कामात केवळ सपाट चित्र उरलेले असते. तुमचे काम चढण्याआधीची पार्श्वभूमी वेगळी उपलब्ध असेल, तर दोन्ही चित्रे तंतोतंत एकावर एक ठेवून वरच्या लेअरला "डिफरन्स" मोड द्या. जिथे बदल नाही तिथे काळे दिसेल. मग सपाट करून "कलर्स" मेनूतील "थ्रेशोल्ड" ने काळे-पांढरे करा.

ही पद्धत फक्त रंगातला फरक पाहते. मल्लाचा लाल लंगोट तांबड्या मातीसमोर येतो तिथे फरक इतका थोडा असतो की तो काळ्यात जमा होतो, आणि मल्लाच्या कमरेला भोक पडल्यासारखे दिसते. अशी भोके हाताने पांढरी भरा. उलट, चित्र जेपेगमध्ये साठवलेले असेल तर प्रेक्षकांच्या गर्दीत पांढरे ठिपके विखुरतात, कारण त्या स्वरूपात साठवताना प्रत्येक कडेभोवती रंग थोडा ढळतो. मर्यादा थोडी वर नेली की ते जातात, पण फार वर नेली तर मल्लांच्या कडा कुरतडल्या जातात. पार्श्वभूमीच उपलब्ध नसेल तर मुक्त निवडीच्या साधनाने बाह्यरेषा आखण्याखेरीज मार्ग नाही. तेव्हा अर्धपारदर्शक भागाचा आकडा देऊच नये.

पायरी ८ : डोळ्यांनी पडताळणी

यंत्राचा आकडा आला की एकदा जाळी टाकून पाहा. "इमेज" मेनूत "कॉन्फिगर ग्रिड" मध्ये रुंदी ९२ आणि उंची ४३ ठेवा, आणि "व्ह्यू" मधून जाळी दाखवा. ९२० × ४३० च्या चित्रात बरोबर शंभर घरे पडतात, म्हणजे एक घर एक टक्का. निम्म्याहून अधिक पांढरी घरे मोजा. उत्तर ३५ ते ४० च्या दरम्यान आले तर ठीक. साठ आले तर पायरी ४ मधला एखादा सापळा तुम्हाला सापडलेला नाही.

जाहिरातीचे काम करणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. फेसबुकवर जाहिरातीच्या चित्रात वीस टक्क्यांहून अधिक मजकूर नसावा ही अट होती, तेव्हा पंचवीस घरांच्या जाळीवरच ते तपासले जाई. २०२० मध्ये ती अट निघाली. त्या जाळीत अक्षराचे टोक घरात गेले की पूर्ण घर धरले जाई. आपण निम्म्याचा नियम लावतो, त्यामुळे आपली जाळी बरीच न्यायाची आहे.

पायरी ९ : आकडा कसा कळवावा

दशांश चिन्हानंतरचे आकडे देऊ नका. पहिल्या पायरीवरची व्याख्या थोडी हलली तरी उत्तर दोन-चार टक्के सरकते, तिथे शतांशाची अचूकता दाखवणे म्हणजे उगाच आव आणणे होय. साधारण असे लिहावे:

"शीर्षचित्र, ९२० × ४३० पिक्सेल, अंतिम आवृत्ती. पूर्णपणे स्वतः काढलेला आणि प्रत्यक्ष दिसणारा भाग (मल्ल व धूळ) अपारदर्शकतेच्या वजनाने ४० टक्के, निम्म्याहून अधिक अपारदर्शक भाग धरल्यास ३६ टक्के. माती, प्रेक्षक व पताका तयार संचातील असून त्यांचे परवाने सोबत जोडले आहेत. मोजणीचे काळे-पांढरे चित्र सोबत आहे."

काळे-पांढरे चित्र जोडणे टाळू नका. ग्राहकाला शंका आली तर तो स्वतः तेच चित्र उघडून सरासरी पाहू शकतो, आणि ई-मेलची चार उत्तरे-प्रत्युत्तरे टळतात. करारात साठ टक्क्यांची अट असेल आणि तुमचा आकडा चाळीसच येत असेल, तर व्याख्या ताणून साठ करण्यापेक्षा काम सोपवण्याआधी माती किंवा प्रेक्षक स्वतः काढून द्यायला किती दिवस आणि किती पैसे लागतील हे कळवा. मातीचे काम सोपे आहे आणि ती जागाही बरीच व्यापते.

चित्रे डझनांनी असतील तर पायथॉनची छोटी आज्ञावली लिहून सर्व काळ्या-पांढऱ्या फाइलींची सरासरी एका दमात काढता येते. पिलो आणि नमपाय हे तयार कोडचे दोन मोफत संच त्याला पुरतात. पण ती काळी-पांढरी चित्रे मात्र प्रत्येकी हातानेच तयार करावी लागतात, कारण कोणता लेअर कोणाचा हे फाइलला ठाऊक नसते. म्हणून काम सुरू करतानाच लेअरच्या नावापुढे "स्व", "बदल" किंवा "तयार" असे लिहून ठेवा.